शेवट आवडला, पण पटला नाही

प्रश्न असा आहे: ‘एका चित्रपटाबद्दल मी मित्राला लिहिलं, “शेवट आवडला, पण पटला नाही.” तो म्हणाला, पटायला तो काय हिशोब आहे? चित्रपट एकतर आवडतो, नाहीतर आवडत नाही. माझं वाक्य चुकलं का?’

अजिबात नाही. उलट तुमच्या मित्राने थट्टेत नेमका शब्द उच्चारला. हिशोब पटतो, ओळख पटते, खूण पटते. दोन गोष्टी शेजारी ठेवून जुळतात का ते पाहायचं, आणि जुळल्या की ‘पटलं’. शेवट पटला नाही म्हणजे आधी दाखवलेली माणसं आणि त्यांनी शेवटी केलेलं काम यांचा मेळ बसला नाही. तरीही तो आवडू शकतो, कारण आवडायला असा ताळा करून पाहावा लागत नाही.

नात्यात हेच क्रियापद आणखी रंग दाखवतं. ‘मला त्याचं पटत नाही’ म्हणजे त्याचं म्हणणं मान्य नाही. ‘माझं त्याच्याशी पटत नाही’ म्हणजे भांडण. ‘त्यांचं पटत नाही’ एवढंच म्हटलं तर कशाबद्दल हे सांगावंच लागत नाही, ऐकणारा समजून जातो. आणि ‘पटवणे’? ओळख पटवता येते, मुद्दा पटवून देता येतो, बोलीत तर माणूसही पटवता येतो. पण ‘आवडवणे’ असं काही सहसा कानावर येत नाही. फार तर ‘आवडून घेतलं’ म्हणतात, आणि तेव्हा सूर बहुधा पडेलच असतो.

व्याकरणाच्या अंगाने पाहिलं तर ‘मला गेम आवडला’ यात आवडण्याचा कर्ता मी नाही, गेम आहे. म्हणून गेम आवडला, चाल आवडली, चित्र आवडलं. ही रचना जुनी आहे. संस्कृत व्याकरणकार पाणिनीचं सूत्रच आहे, ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’ (१.४.३३): रुचणे या अर्थाच्या धातूंबरोबर ज्याला गोष्ट आवडते ते संप्रदान (ज्याच्याकडे क्रियेचा रोख असतो ते), आणि म्हणून त्याला चतुर्थी विभक्ती. परंपरेतलं उदाहरण आहे ‘देवदत्ताय रोचते मोदकः’. मोदक कर्ता, देवदत्त नुसता लाभार्थी. त्यामुळेच ‘तू मला आवडतोस’ या वाक्यात क्रियापद ‘तू’च्या मागे जातं, आणि ‘मी हा गेम खूप आवडतो’ असं कोणी लिहिलं की वाचणारा अडखळतो. ‘मी आवडतो’चा अर्थ कोणाला तरी मी आवडतो, असा होतो.

गंमत म्हणजे त्या सूत्रातल्या ‘रुच्’पासून आलेलं ‘रुचणे’ मराठीत ताटावरून जवळजवळ उठून गेलं आहे. पदार्थ रुचकर असतो, पण ‘भाजी रुचली’ रोजच्या बोलण्यात फारसं ऐकू येत नाही. रुचत नाही ते बोलणं, वागणं. म्हणजे बहुतेक वेळा नकारातच. स्वयंपाकाला दाद द्यायला मला स्वतःला ‘जमणे’ आवडतं. ‘भाजी छान जमलीये’ म्हटलं की पदार्थाबरोबर करणाऱ्याच्या हातालाही दाद मिळते. ‘भाजी आवडली’मध्ये फक्त माझी जीभ असते. अर्थात स्वयंपाकावरचं मत नेहमी स्वयंपाकावरच असतं असंही नाही. नाहीतर ‘नावडतीचे मीठ अळणी’ ही म्हण कशाला आली असती?

‘मानवणे’ शरीराचं क्रियापद. हवा मानवते, औषध मानवतं. फोनचा मोठा पडदा मला मानवत नाही, असं मी मुद्दाम म्हणतो, कारण तक्रार मनगटाची आहे, फोन वाईट आहे असं नाही. ‘झेपणे’ ताकदीचं. ‘गेम झेपला नाही’ यात दोष मी स्वतःकडे घेतो. चित्रपट झेपला नाही म्हणणारे मात्र हल्ली बरेचदा उपरोधाने म्हणतात, तेव्हा जपून.

आणि ‘लाइक करणे’. हा नुसता उसना शब्द नाही, त्याने रचनाच उलटवली. ‘मला आवडलं’मध्ये जो ‘मला’ होता, तो ‘मी लाइक केलं’मध्ये कर्ता होऊन बसला. मला ते बरोबरच वाटतं, कारण ते खरोखर करणंच आहे: बोटाने केलेली कृती. म्हणूनच ‘मी लाइक केलं, पण मला आवडलं नव्हतं’ या वाक्यात कोणालाही विसंगती दिसत नाही. तुमच्या मित्राला हे वाक्य चालत असेल, तर आवडलेला पण न पटलेला शेवटही चालायला हरकत नसावी.