तलाव हिरवागार, तरी फॉस्फेट शून्य?

प्रश्न : आमच्या गावच्या पाझर तलावाचं पाणी चैत्र-वैशाखात हिरवंगार होतं. पण गाळलेल्या पाण्यातलं विद्राव्य फॉस्फेट तपासलं, तर जवळपास शून्य! मग शेवाळ पोसतंय कशावर?
– एक शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : चाचणी बहुधा बरोबरच आहे. वाढीला लागलेलं शेवाळ पाण्यातलं फॉस्फेट झपाट्यानं शोषून घेतं. ते पेशींत जाऊन बसलेलं असतं आणि नमुना गाळताना त्या पेशीच फिल्टरवर अडकतात. म्हणून अशा पाण्यात एकूण फॉस्फरस मोजा. बाटली हलवून न गाळलेलं ५० मिली पाणी घ्या, त्यात ३० टक्के सल्फ्युरिक आम्ल १ मिली आणि पोटॅशियम परसल्फेट ०.५ ग्रॅम घाला, ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबावर तापवणाऱ्या भांड्यात) १२१ अंशांवर ३० मिनिटं ठेवा. थंड झाल्यावर उदासीन करून मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्ल घाला. निळा रंग १० ते ३० मिनिटांच्या आत ८८० नॅनोमीटरला वाचा. बाटल्या कपड्याच्या पावडरनं धुऊ नका, तिच्यात फॉस्फेट असू शकतं. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लानं विसळा, मग ऊर्ध्वपातित पाण्यानं. लिटरमागे वार्षिक सरासरी ३५ मायक्रोग्रॅमच्या वर गेली की तलाव सुपोषित (पोषकद्रव्यं गरजेपेक्षा जास्त झालेला) धरतात, १०० च्या वर अतिसुपोषित.

आणि एक. काठाला तेलरंगासारखी हिरवी साय धरली असेल, तर अहवालाची वाट न बघता तिथं गुरं पाजणं थांबवा. ते नील-हरित शेवाळ विषारी असू शकतं, आणि क्लोरोफिलच्या (शेवाळातल्या हिरव्या रंगद्रव्याच्या) आकड्यावरून शेवाळ किती ते कळतं, विष कळत नाही.

प्रश्न : एकाच तलावातल्या दोन बाटल्या, एकीत क्लोरोफिल लिटरमागे ६९, दुसरीत २२ मायक्रोग्रॅम. खरं कोणतं?
– एमएस्सीची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : आधी बाटल्या कुठून भरल्या ते बघा. वाऱ्यानं शेवाळ एका काठाला लोटलं जातं, म्हणून काठापासून दूर, पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटरवरून आणि दर वेळी त्याच वेळेला भरा. दुसरा संशय उन्हावर. पारदर्शक बाटली उघड्या जीपमध्ये तासभर राहिली की क्लोरोफिल मोडायला लागतं. काळ्या कापडात गुंडाळा, बर्फात ठेवा, त्याच दिवशी गाळा.

हिरव्या पाण्याचे २०० मिली पुरतात. ग्लास फायबर फिल्टरवर शेवटी मॅग्नेशियम कार्बोनेटच्या द्रावणाचे दोन-चार थेंब टाका, नाहीतर आम्लतेनं क्लोरोफिल मोडून त्याचं फिओफायटिन होतं. फिल्टर ९० टक्के ॲसिटोनमध्ये कुटून, द्रावण १० मिली करून रात्रभर अंधारात फ्रिजमध्ये ठेवा. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ खाली बसवा आणि वरचं द्रावण ७५०, ६६४, ६४७ आणि ६३० नॅनोमीटरला वाचा. ७५० चं वाचन बाकी तिन्हींतून वजा करा, ते गढूळपणाचं असतं. क्युवेट (वाचनासाठी द्रावण भरायची चौकोनी नळी) काचेचीच हवी. प्लास्टिकची ॲसिटोननं धुरकट होते आणि आकडा फुगतो.

समजा वजाबाकीनंतर ६६४, ६४७ आणि ६३० ला अनुक्रमे ०.१२०, ०.०३० आणि ०.०२० आले. ११.८५ × ०.१२० मधून १.५४ × ०.०३० आणि ०.०८ × ०.०२० वजा केले की १.३७ उरतात. त्याला १० मिलीनं गुणून ०.२ लिटरनं भागा : लिटरमागे सुमारे ६९ मायक्रोग्रॅम. हे १ सेंटिमीटर क्युवेटसाठी.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या धरणातलं क्लोरोफिल घटतं. पाणी सुधारलं म्हणायचं का?
– एक वाचक, पैठण

उत्तर : नाही. काळ्या मातीच्या गाळानं उजेड आत पोचत नाही, म्हणून शेवाळ थांबतं. गाळाला चिकटून फॉस्फरस मात्र येतच असतो. गाळ बसला, ऊन पोचलं की दिवाळीनंतर तेच पाणी पुन्हा तपासा.