निकेल ऑक्साइडचा बँड गॅप शून्य येतोय? आधी चुंबकीय रचना बघा

प्रश्न असा आहे: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी क्वांटम एस्प्रेसो या पदार्थांची इलेक्ट्रॉन रचना काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये निकेल ऑक्साइडचं गणित केलं, पीबीई हे फंक्शनल (इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेचं अंदाजी सूत्र) वापरलं, बँड गॅप (भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधलं ऊर्जेचं अंतर) शून्य आला. प्रयोगात तो साधारण ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. कटऑफ आणि के-पॉइंट (गणिताची अचूकता ठरवणारे आकडे) वाढवूनही फरक पडला नाही, तर आयसर पुण्याच्या परम ब्रह्म महासंगणकावर वेळ मागावा का?

इतक्यात नको. तुमच्या इनपुटमध्ये एक निकेल, एक ऑक्सिजन आहे आणि स्पिन (इलेक्ट्रॉनची वर किंवा खाली अशी चुंबकीय दिशा) बंद आहे. निकेल आयनात आठ डी इलेक्ट्रॉन असतात. सहा टी-टू-जी या खालच्या डी पातळ्यांमध्ये बसतात, उरलेले दोन ई-जी या वरच्या डी पातळ्यांच्या चार जागांत. स्पिनचा भेद नसेल तर ई-जी पट्टा अर्धाच भरतो, म्हणजे धातूच मिळणार. कटऑफ कितीही वाढवा.

खरा निकेल ऑक्साइड ५२५ केल्विनच्या खाली अँटीफेरोमॅग्नेटिक असतो: १११ दिशेला एका थरात स्पिन वर, पुढच्यात खाली. म्हणून सेल (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) दुप्पट हवा. ए = ४.१७ अँगस्ट्रॉम धरून सदिश असे घ्या: (१, ½, ½), (½, १, ½), (½, ½, १). क्रिस्टल कोऑर्डिनेट्समध्ये (म्हणजे या सदिशांच्या पटीत) निकेल ० आणि ½ वर, ऑक्सिजन ¼ आणि ¾ वर (तिन्ही घटक सारखे). दोन्ही निकेलना वेगळी नावं द्या, स्यूडोपोटेन्शियल (अणूच्या गाभ्याऐवजी वापरायची फाइल) तेच ठेवा, आणि सुरुवातीचं मॅग्नेटायझेशन एकाला ०.५, दुसऱ्याला उणे ०.५. नाव एकच ठेवलंत तर दोघांना एकच सुरुवात मिळते आणि गणित फेरोमॅग्नेटिक (सगळे स्पिन एकाच दिशेला) अवस्थेकडे जातं. ही चूक फार वेळा होते.

अल्ट्रासॉफ्ट प्रकारचं स्यूडोपोटेन्शियल असेल तर चार्ज डेन्सिटीचा कटऑफ वेव्हफंक्शनच्या कटऑफच्या डिफॉल्ट चौपटीवर सोडू नका, आठ ते दहा पट द्या. एससीएफ (उत्तर स्थिर होईपर्यंतच्या फेऱ्या) हेलकावे खात असेल तर मिक्सिंग बीटा (दर फेरीत नवं उत्तर किती मिसळायचं तो आकडा) ०.३ करून बघा. स्मिअरिंगऐवजी (पातळ्या अंशतः भरू देण्याऐवजी) फिक्स्ड ऑक्युपेशन (पातळी पूर्ण भरलेली किंवा रिकामी) वापरायचं तर एकूण मॅग्नेटायझेशन शून्य असं स्पष्ट लिहावं लागतं.

एवढ्याने पीबीईचा गॅप १ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास उघडेल. उरलेली तफावत मात्र फंक्शनलची: डी इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात आपापल्या अणूला जास्त बांधलेले असतात. ५२५ केल्विनच्या वर चुंबकीय क्रम मोडतो तरी पदार्थ इन्सुलेटरच राहतो, तो यामुळेच. इथे हबर्ड यू (एकाच अणूवरच्या डी इलेक्ट्रॉनांच्या प्रतिकर्षणासाठीची दुरुस्ती) लागतो. क्वांटम एस्प्रेसोच्या आवृत्ती ७.१ पासून तो इनपुटमधल्या स्वतंत्र हबर्ड कार्डमध्ये जातो, त्यामुळे जुन्या ट्युटोरियलमधल्या ओळी चालणार नाहीत. मटेरियल्स प्रोजेक्ट हा पदार्थांचा डेटाबेस निकेलला ६.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट घेतो, पण तो आकडा उचलून टाकू नका. यूची किंमत प्रोजेक्टरवर (डी इलेक्ट्रॉन कोणते ते मोजायच्या पद्धतीवर) अवलंबून असते, आणि तुम्ही वापराल ते ऑर्थो-अॅटॉमिक प्रोजेक्टर त्यांच्यापेक्षा वेगळे. त्याच पॅकेजमधल्या एचपी कोडने स्वतःच्या सेलसाठी यू काढा. गॅप ४ ला पोचेपर्यंत यू ताणणं तर मुळीच नको. व्हॅलन्स पट्ट्याच्या (सगळ्यात वरच्या भरलेल्या पट्ट्याच्या) माथ्यावर ऑक्सिजनच्या पी अवस्थांचाही मोठा वाटा आहे; निकेलवरचा यू वाढवला की भरलेल्या डी अवस्था खाली सरकतात आणि पट्ट्यांचं स्वरूपच बिघडतं.

गॅपच नेमका हवा असेल तर एचएसई०६ हे जास्त अचूक फंक्शनल वापरा. ते या चार अणूंच्या सेललाही महाग पडतं. परम ब्रह्मचा अर्ज तेव्हा करा.

त्याआधी एससीएफच्या शेवटच्या फेरीतल्या दोन ओळी इथे टाका: एकूण आणि अॅब्सोल्यूट (चिन्ह न धरता मोजलेलं) मॅग्नेटायझेशन. पहिलं शून्य हवं, दुसरं यूसकट साधारण ३.५ बोर मॅग्नेटॉन. दोन्ही शून्य आले, तर सेल अजून अचुंबकीयच आहे.