पाचवा महिना, हिमोग्लोबिन 9.2 आणि बाळंतपण सीमेपलीकडे माहेरी: काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की घर कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात आहे, वहिनींना, म्हणजे तुमच्या पत्नीला, पाचवा महिना लागलाय, पहिलंच बाळंतपण ऑगस्टमध्ये आहे आणि सातव्यात ओटी भरून त्यांना महाराष्ट्रात चंदगडला माहेरी पाठवायचं ठरलंय. खाण्यापिण्याबद्दल बरंच विचारलंय आणि हिमोग्लोबिन 9.2 असल्याचं शेवटी जाता जाता सांगितलंय. मी त्या आकड्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्त कमी समजतात. 10 ते 10.9 सौम्य, 7 ते 9.9 मध्यम आणि 7 च्या खाली गंभीर. म्हणजे 9.2 हे ‘जरासं कमी’ नव्हे. बाळंतपणात रक्तस्राव प्रत्येकीला होतो, पण तो अर्ध्या लिटरच्या पुढे गेला की धोका सुरू होतो. अंगात रक्त भरपूर असलेली बाई तेवढ्यातून सावरते. आधीच कमी असलेलीला तेवढाच रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. तुमच्या हातात चार-साडेचार महिने आहेत. एवढ्यात रक्त भरून निघतं, पण गोळ्या नीट अंगी लागल्या तरच.

सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. रक्त ठीक असेल तर चौथ्या महिन्यापासून रोज एक, असे 180 दिवस. कमी असेल तर रोज दोन. वहिनींना किती लिहून दिल्यात ते चिठ्ठीवर बघा. एकच असेल तर 9.2 चा रिपोर्ट दाखवून डॉक्टरांना विचारा, मनानं वाढवू नका.

‘गोळ्या चालू आहेत पण रक्त वाढत नाही’ असं जिथं ऐकू येतं, तिथं बहुतेक वेळा चहा नाहीतर कॅल्शियम आडवं आलेलं असतं. आपल्याकडं सकाळचा चहा, दहाचा चहा, पाहुणे आले की चहा, आणि गोळी त्याच घोटाबरोबर. चहा-कॉफीतली द्रव्यं लोह धरून ठेवतात आणि ते अंगात न मुरताच बाहेर जातं. दूध आणि कॅल्शियमची गोळीही तेच करते. कॅल्शियम चौदाव्या आठवड्यापासून 500 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा असते आणि ती जेवणाबरोबर घ्यायची. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तास हवेत. घरच्या घड्याळात असं बसतं: आठ वाजता न्याहारीबरोबर कॅल्शियम, अकराला लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, दीडला जेवताना दुसरं कॅल्शियम, पाचला चहा हवा तर चहा, साडेसातला जेवण आणि झोपताना दहाला लोहाची दुसरी गोळी. लिंबू, आवळा, पेरू यांतल्या क जीवनसत्त्वामुळं लोह जास्त मुरतं, म्हणून गोळीबरोबर तेच.

गोळीनं शौचाला काळं होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, उलट गोळी पोटात जातेय याची ती खूण. मळमळलं तर गोळी बंद न करता काही दिवस जेवणानंतर घ्या. मुरणं थोडं कमी होईल, पण न घेण्यापेक्षा बरं. बद्धकोष्ठाला पाणी, पालेभाजी, फळं. चौथ्या महिन्यानंतर जंताची अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅमची एक गोळी देतात. ती झाली नसेल तर मागून घ्या, विशेषतः शेतात अनवाणी वावर असेल तर.

महिन्यानं पुन्हा रक्त तपासा, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि मशीनवर. काचेच्या नळीत रंग जुळवून काढलेला आकडा बघणाऱ्याच्या नजरेप्रमाणं इकडंतिकडं होतो, त्यामुळं दोन ठिकाणचे आकडे ताडून काही कळत नाही. महिन्यात किमान 1 वाढायला हवं. गोळ्या खरोखर घेऊनही तेवढं वाढलं नाही, तर महिनाभर आणखी त्याच गोळ्या खाण्यात अर्थ नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवा. बी-12 जीवनसत्त्व कमी असू शकतं किंवा थॅलेसेमियाचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, अंश असू शकतो. थॅलेसेमियाचा अंश निघाला तर तुमचीही तपासणी लागते, आणि मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालं असेल तर जास्तच. गोळ्या सोसतच नसतील किंवा दिवस कमी उरले असतील तर शिरेतून लोह देतात. ते दवाखान्यातच घ्यायचं असतं. खजूर, बीट, गूळ खा, चांगलंच आहे, पण त्यांच्या भरवशावर 9.2 चं 11 होत नाही. मला यात सगळ्यात जास्त वेळ वाया जाताना दिसतो.

माती, खापराचा तुकडा, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते का, हे वहिनींना हळूच विचारा. पुष्कळजणी लाजून सांगत नाहीत. ही ओढ बरेचदा लोह कमी असल्यामुळंच असते आणि त्या मातीतून जंत आणखी येतात. मिश्री लावत असतील तर ती आजच बंद. दात घासण्यापुरती म्हटली तरी ती तंबाखूच आहे. निकोटीन हिरडीतून रक्तात जातं, वारेचा रक्तपुरवठा आकसतो आणि बाळाचं वजन कमी भरतं. निपाणीकडं बिड्या वळणाऱ्या बायकांचंही तसंच: तंबाखूची धूळ श्वासातून आणि हातातून आत जाते. काम सोडणं जमणार नसेल तर निदान झोपायच्या आणि स्वयंपाकाच्या खोलीत वळू नये, तोंडाला फडकं बांधावं आणि खाण्याआधी साबणानं हात धुवावेत.

जेवणाचं थोडक्यात. जोंधळ्याची किंवा नाचणीची भाकरी, हुलग्याची नाहीतर मटकीची उसळ, मेथी-शेपू-राजगिरा, शेंगदाणे, चालत असतील तर रोज एक-दोन अंडी. नेहमीपेक्षा साधारण 350 कॅलरी जास्त, म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि थोडं दूध. दोघांचं म्हणून दुप्पट नको. त्याच्या उलट, शेवटच्या महिन्यांत ‘बाळ मोठं झालं तर सुटका अवघड’ म्हणून सुनेला कमी जेवायला घालणारी घरंही आहेत. ते धोक्याचं आहे. सोमवार-एकादशीचे कडक उपास या वर्षी राहू देत. अंगणवाडीत कर्नाटक सरकारच्या मातृपूर्णा योजनेतून गरोदर बाईला दुपारचं गरम जेवण मिळतं. कमीपणा न मानता घ्या. वहिनी इकडं आहेत तोवरच ते मिळेल.

आता तपासण्या. पाचवा महिना म्हणजे 18 ते 20 आठवड्यांची, बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी करायची वेळ हीच आहे, पुढं ढकलू नका. (मुलगा की मुलगी ते विचारू नका, 1994 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे.) साखरेसाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. आकडा 140 किंवा जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत झाली असली तरी 24 ते 28 आठवड्यांत ती पुन्हा करायची, म्हणजे माहेरी जायच्या आधीच. टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) दोन इंजेक्शनं चार आठवड्यांच्या अंतरानं. वहिनींचा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि तुमचा पॉझिटिव्ह, तर अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत पुन्हा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, ती चुकवू नका. प्रत्येक भेटीत वजन, बीपी आणि लघवीतलं प्रोटीन बघितलं गेलं पाहिजे. नुसतं पोट तपासून पाठवलं तर बीपी स्वतः मागून घ्या.

बीपी 140/90 च्या पुढं गेलं की जास्त, 160/110 म्हणजे त्याच क्षणी दवाखाना. घरी मशीन नसेल तर खुणा लक्षात ठेवा: गोळीनं न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी किंवा चमक, छातीखाली उजवीकडं दुखणं, सकाळी उठल्यावर चेहऱ्यावर सूज. संध्याकाळी पाय सुजणं पुष्कळजणींना होतं, चेहऱ्याची सूज वेगळी. झटका (आकडी) आला तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोटं काही घालू नका, कांदा नि चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. गाडीला फोन करा. आधी जवळचं आरोग्य केंद्र लागलं, तर पुढं पाठवण्यापूर्वी झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देता येईल का ते विचारा.

सातव्या महिन्यापासून बाळाच्या हालचालींवर लक्ष. जेवल्यानंतर डाव्या कुशीवर पडून मोजायच्या. दोन तासांत दहा झाल्या तर ठीक. त्याहून कमी, किंवा रोजच्यापेक्षा अचानक मंदावल्या, तर त्याच दिवशी दाखवायचं, ‘उद्या बघू’ नको. झोपताना कुशीवरच. अंगदुखीला ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या दुकानातून आणू नका. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल, तीही विचारून.

माहेरी जायचं ठरलंच असेल तर काही गोष्टी आधी उरकाव्या लागतात. तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं गरोदर बाईच्या नोंदीचं कार्ड, कन्नडमध्ये असतं, चंदगडच्या नर्सला ते वाचता येईलच असं नाही. जायच्या आधी इथल्या आशाताईंकडून किंवा नर्सबाईंकडून कागदावर मराठीत लिहून घ्या: शेवटच्या पाळीची तारीख, रक्तगट, हिमोग्लोबिनचे सगळे आकडे तारखांसह, बीपी, टीडी कधी झालं, कुठल्या गोळ्या चालू आहेत. सोनोग्राफीचे मूळ रिपोर्ट बरोबर. तिकडं पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिथल्या आशाताईंकडं नोंद करा आणि कार्डावरचा आरसीएच नंबर (सरकारी नोंदणीचा क्रमांक) द्या. नाहीतर सातवा आणि आठवा, म्हणजे बीपी चढायचे महिने, दोन्हीकडच्या वह्यांतून निसटतात. इकडं वाटतं बाई तिकडं गेली, तिकडं माहीतच नसतं की आली.

आणि कळा सुरू झाल्यावर जायचं कुठं, हे जूनमध्येच ठरवा. चंदगडहून कोल्हापूरपेक्षा बेळगाव बरंच जवळ आहे. गडहिंग्लज, बेळगावचं जिल्हा रुग्णालय किंवा तुम्हाला परवडणारं खासगी, जे धराल तिथं दोन प्रश्न विचारून ठेवा: रात्री दोन वाजता सिझर होतं का, आणि त्यांच्या गटाचं रक्त लगेच मिळतं का. जून ते ऑगस्टच्या पावसात जांबोटी-कणकुंबीकडच्या ओढ्यांवर गाडी अडकते, चंदगडचीही गत वेगळी नाही. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत ठरवलेल्या दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडं त्यांना हलवा. हिमोग्लोबिन तेव्हाही 10 च्या खाली असेल तर माझं मत स्पष्ट आहे: वाडीवरच्या घरात थांबायचं नाही.

घरी बोलावून ‘कळा वाढवायचं’ इंजेक्शन कुणाकडूनही घेऊ नका. त्यानं गर्भपिशवी इतकी आवळते की बाळाला ऑक्सिजन कमी पडतो, कधी पिशवीच फाटते. तेच औषध, ऑक्सिटोसिनची 10 युनिटं, बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात दिलं तर रक्तस्राव रोखतं. ते दवाखान्यात देतातच, तरी विचारायला हरकत नाही. जिथं इंजेक्शन देता येत नाही तिथं मिसोप्रोस्टॉलच्या 600 मायक्रोग्रॅम गोळ्या चालतात. हे आपल्याच बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत 1,620 बायकांवर तपासलं गेलं आणि 2006 साली प्रसिद्ध झालं: अर्ध्या लिटरहून जास्त रक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आला, आणि गोळ्या देणाऱ्या गावातल्या नर्सबाईच होत्या. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास कुणीतरी जवळ बसून पोट घट्ट आहे का आणि कापडाची घडी किती वेळात भिजते ते बघायला हवं. नातेवाईक बाळाच्या भोवती असतात आणि आईकडं लक्ष राहत नाही, हे दवाखान्यातही घडतं.

अंगावरून थोडंही रक्त गेलं, पाणी फुटलं (हिरवट किंवा वास येणारं असेल तर जास्तच घाई), ताप आला, बसल्या जागी धाप लागली, तर कळांची वाट बघायची नाही. 108 दोन्ही राज्यांत चालतो. पण सीमेवरच्या गावात मोबाईल पलीकडच्या टॉवरला असेल तर फोन पलीकडच्या राज्यात लागू शकतो, म्हणून बोलताना पहिलं राज्य, मग तालुका, मग गाव सांगा. शिवाय गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर आणि वहिनींच्या रक्तगटाच्या दोन माणसांची नावं कार्डाच्या पाठीवर लिहून ठेवा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि घरी सोडायची गाडी सगळं मोफत असतं. पैसे मागितले तर पावती मागा.