जुन्या इमारतीची खडी नव्या कामाला चालेल का?

प्रश्न : कोथरूडमधली आमची सोसायटी १९८२ची. ती आता पुनर्विकासाला जाते आहे. बिल्डरचं म्हणणं, पाडलेलं काँक्रीट क्रशरमध्ये फोडून तीच खडी नव्या कामात वापरू. सभेत यावरून दोन तट पडलेत. मॅडम, यात धोका आहे का?
– एक सभासद

उत्तर : वापरू द्या, पण कुठे वापरणार हे आधी लेखी घ्या.

आय. एस. ३८३ या काँक्रीटच्या खडी-वाळूच्या भारतीय मानकाने २०१६पासून या खडीला रीतसर परवानगी दिली आहे. साध्या काँक्रीटमध्ये ती २५ टक्क्यांपर्यंत चालते. लोखंड घातलेल्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, तीही फक्त एम-२५ ग्रेडपर्यंत (आकडा मोठा तितकं काँक्रीट जास्त ताकदीचं). पायाखालच्या, एम-१५पेक्षा कमी ग्रेडच्या पीसीसीला, म्हणजे बिनलोखंडी काँक्रीटच्या थराला, तर पूर्णच घाला. उंच इमारतीचे कॉलम एम-२५च्या वरचे असतात, तिथे ही खडी नको. याबाबत कुणी कितीही गळ घातली तरी ऐकू नका.

फरक हातात घेतला की कळतो. वाघोलीच्या खाणीची ताजी खडी काळी, धारदार, वजनदार. फोडलेल्या खडीत दगड तोच, पण त्याच्या अंगाला जुन्या सिमेंट-वाळूचा करडा थर चिकटलेला असतो. त्यावर पाण्याचा थेंब सोडा, बघता बघता जिरतो. सगळी गोम या थरात आहे.

एका साइटवर पार्किंगच्या पीसीसीला आम्ही ही खडी कोरडीच घातली होती. तिने मालातलं पाणी ओढून घेतलं, माल घट्ट झाला आणि मुकादमाने वर दोन बादल्या पाणी ओतलं. २८ दिवसांनी क्यूब, म्हणजे त्याच मालाचे चाचणीचे ठोकळे, फोडले तर ताकद कमी भरली. तेवढा भाग उखडून परत करावा लागला. खडीचा त्यात दोष नव्हता. आदल्या दिवशी ती भिजवून ठेवायला मी सांगायला हवं होतं. तेव्हापासून खडी भिजल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी मिक्सर सुरू करू देत नाही.

माझा खरा आग्रह मात्र पाडण्याच्या पद्धतीबद्दल आहे. आधी दारं-खिडक्या, फरशा, पीओपी, वायरी काढा, मग विटांच्या भिंती, आणि शेवटी स्लॅब, बीम, कॉलम. पीओपी म्हणजे जिप्सम. त्यातलं सल्फेट नव्या काँक्रीटला आतून फुगवतं, तडे पाडतं. विटा मिसळलेला माल लोखंडी कामाला अजिबात चालत नाही, तो भरावाला किंवा हलक्या पीसीसीला जाऊ द्या. जेसीबीने सगळं एकत्र लोळवलं की चांगल्या काँक्रीटचाही राडारोडा होतो.

आणि तो राडारोडा कुठे जातो? मी वारज्याला राहते. नदीकाठी फिरायला गेले की मुठेच्या कडेला रात्रीत रिकामा झालेला एखादा नवा ढीग दिसतोच. कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या टाइल्स त्यात चमकत असतात. फार वाईट वाटतं. बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याच्या नियमांनुसार माल वेगळा करणं ही पाडणाऱ्याचीच जबाबदारी आहे, आणि रस्त्यावर, नाल्यात टाकायला मनाई आहे.

तेव्हा करारात तीन गोष्टी घालून घ्या : कोणत्या कामात किती टक्के, खडीची पाणी शोषण्याची चाचणी, आणि प्रत्येक वापराचे २८ दिवसांचे क्यूब रिपोर्ट. उरलेला माल कुठे उतरवला त्याच्या पावत्या सोसायटीच्या फाइलला लावा. तुमच्यापैकी कुणी निवृत्त सिव्हिल इंजिनिअर असेल तर पाडकामाच्या पहिल्या आठवड्यात त्यांना रोज साइटवर उभं करा.