वाचकांचे प्रश्न : नवी एसयूव्ही निवडताना

प्रश्न : कोल्हापूरला राहतो. घरात आम्ही दोघं, दोन शाळकरी मुलं आणि आई. महिन्यातून एकदा आंबा किंवा आंबोली घाटातून कोकणात जातो, एरवी गावातच फिरणं. ब्रेझा, नेक्सॉन आणि एक्सयूव्ही ३एक्सओ यांच्यात अडकलोय. पेट्रोल, मॅन्युअल हवी. प्रत्येक शोरूमवाला आपलीच गाडी घाटाला सरस म्हणतो.

उत्तर : तिन्ही गाड्या लांबीला चार मीटरच्या आतल्या, पण करात सारख्या नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. ब्रेझाचं इंजिन १४६२ सीसीचं, त्यामुळे ती ४० टक्क्यांत जाते. तुमच्या बजेटमधला मोठा हिस्सा तिथे करात जाणार, हे धरूनच तुलना करा.

घाटात पाच माणसं, सामान आणि चालू एसी असताना खरी कसोटी टॉर्कची, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या जोराची लागते. ब्रेझाला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा नाही. १३७ न्यूटन-मीटर टॉर्क आहे आणि तो मिळवायला इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर ठेवावं लागतं. म्हणजे चढावर गियर वारंवार खाली आणायची तयारी हवी. याच्या बदल्यात चार सिलिंडरचं शांत इंजिन मिळतं, गावात ते फार सुखाचं वाटतं. नेक्सॉनला १७० आणि ३एक्सओच्या साध्या टर्बोला २०० न्यूटन-मीटर. दोन्ही तीन सिलिंडरची, त्यामुळे थांबलेल्या गाडीत थोडी थरथर जाणवते. टर्बोची एक खोड लक्षात ठेवा : साधारण सतराशे-अठराशे फेऱ्यांच्या खाली ती जागी होत नाही. तिसऱ्या गियरमध्येच हेअरपिन वळणात शिरलात तर गाडी क्षणभर दम धरते आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवतो. वळणाआधीच दुसरा टाकायचा.

टेस्ट ड्राइव्ह रंकाळ्याभोवती घेऊ नका. पन्हाळ्याचा चढ मागा, घरच्या पाचही जणांना बसवा, एसी लावा आणि चढाच्या मधोमध थांबून पुन्हा निघा. क्लच किती वेळ अर्धवट दाबून धरावा लागतो आणि जळका वास येतो का, ते तिथेच कळेल. नाही म्हणणाऱ्या शोरूमला तुमची गरज नाही असं समजा.

मागच्या सीटवर आई आणि दोन मुलं बसणार. ३एक्सओची रुंदी १८२१ मिलिमीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २६०० मिलिमीटर. बाकी दोघींत ते सुमारे २५०० आहे. हा फरक गुडघ्यांना जाणवतो. मधल्या जागेला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणि डोक्यामागे टेकण आहे ना, हे तुम्ही घेणार त्याच मॉडेलमध्ये बघा. आईंसाठी ग्राउंड क्लिअरन्सपेक्षा सीटची उंची महत्त्वाची : वाकून आत शिरावं लागू नये आणि उडी मारून उतरावं लागू नये. पाय ठेवायला अरुंद पट्टी लावून घेतली तर उलट पाय लांब टाकावा लागतो, तेवढं टाळा. सनरूफमुळे डोक्यावरची जागाही कमी होते.

नेक्सॉन आणि ३एक्सओ या दोघींना भारत एनकॅप या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच तारे आहेत. तुमच्या वापरासाठी आम्ही ३एक्सओ निवडू. कोकणातून आंब्याच्या पेट्या, फणस असं सामान नेहमी येत असेल तर नेक्सॉनची ३८२ लिटरची डिकी उपयोगी पडेल. शोरूमला जाताना आपल्या बॅगा सोबत न्या. कंपन्या डिकीचं माप कधी पडद्यापर्यंत मोजतात, कधी छतापर्यंत.

प्रश्न : पुण्यात ऑफिस आठ किलोमीटरवर आहे. महिन्याला जेमतेम ७०० किलोमीटर होतात. डिझेलचं अ‍ॅव्हरेज बघून क्रेटा डिझेल घ्यावीशी वाटते.

उत्तर : घेऊ नका. हिशेब करा : पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९१ रुपये आणि अ‍ॅव्हरेज अनुक्रमे १३ व १८ धरलं तर किलोमीटरमागे सुमारे तीन रुपये वाचतात. महाराष्ट्रात डिझेलवर रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे. ऑन-रोड फरक दीड लाख निघाला तर तो भरून यायला ५० हजार किलोमीटर लागतील, म्हणजे तुम्हाला सहा वर्षं.

त्याहून मोठी अडचण डीपीएफची. बीएस-६ या प्रदूषण-नियमांतल्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, तीच डीपीएफ. अडकलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंशांची उष्णता लागते, म्हणून इंजिन मधूनमधून जादा डिझेल सोडतं. हे काम पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात चालल्यावर पूर्ण होतं. आठ किलोमीटरच्या ट्रॅफिकमध्ये ते सुरू होतं आणि तुम्ही पार्किंगमध्ये गाडी बंद करता. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते आणि ऑइल पातळ होतं. त्यात जाळी तुंबली की गाडी ताकद कमी करते. ज्यांच्याकडे आधीच डिझेल आहे त्यांनी आठवड्याला एकदा मोकळ्या रस्त्यावर, एक गियर खाली ठेवून, दोन हजारांवर फेऱ्या राखत वीस-पंचवीस मिनिटं चालवावी. तुम्ही दीड लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाची क्रेटा घ्या.

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रोडवर रोज तास-दीड तास गाडी रांगते. कोणता ऑटोमॅटिक?

उत्तर : टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा. ब्रेझा, कायलॅक, ३एक्सओ पेट्रोल आणि सॉनेट डिझेल यांत तो मिळतो. एएमटी, म्हणजे साध्याच गियरबॉक्सचे क्लच-गियर यंत्राने हलवणारी, स्वस्त पडते, पण गियर बदलताना झटका देते. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, उघड्या रस्त्यावर उत्तम. रांगताना मात्र क्लच अर्धवट लागून तापतो. अशी गाडी असेल तर पुढच्याला एक गाडीभर अंतर जाऊ द्या, मग एकदम पुढे व्हा, आणि चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका.

सोसायटीत एकावर एक गाड्या ठेवायचं स्टॅक पार्किंग असेल तर गाडी जिच्यावर उभी राहते त्या पॅलेटची रुंदी, उंची आणि वजनाची मर्यादा बुकिंगआधी लिहून घ्या. आरशांसकट रुंदी माहितीपत्रकात बहुतेक नसते. टेप नेऊन मोजा.

प्रश्न : कोकणातल्या घरासाठी फोर-व्हील-ड्राइव्ह लागेल का?

उत्तर : घरापर्यंत जांभ्याचा पक्का रस्ता असेल तर नाही, नव्या टायरची पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुरते. पावसात चिखलाचा चढ असेल तर लो-रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारा गियर असलेली जिम्नी किंवा थारच बघा.

प्रश्न : डिलिव्हरीआधी काय तपासायचं?

उत्तर : मुख्य म्हणजे कधी, ते. नोंदणी होण्याआधी. आरटीओत तुमचं नाव चढल्यावर गाडी नाकारणं फार अवघड जातं. शेवटचा हप्ता देण्याआधी यार्डात दिवसाउजेडी जा. चासी क्रमांक इन्व्हॉइसशी जुळवा, तयार झालेला महिना बघा. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात : २२२५ म्हणजे २०२५ चा बाविसावा आठवडा. पाचही टायर पाहा, स्टेपनी विसरू नका. पॅनेलमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का आणि रंगाची छटा एकच आहे का, ते उन्हात बघा. विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते. बाहेरचं कोटेशन आणून दाखवा. ‘हँडलिंग चार्जेस’ काढून टाकायला लेखी सांगा. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतलेला आयकर कापतात, तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो, म्हणून त्याची पावती जपून ठेवा.