उत्तर: ११८ एनई, निसान ए१२ आणि आरसीवरचा इंजिन नंबर

तुम्ही विचारलंय की ११८ एनई मध्ये ए१२ च्या जागी निसानचं मोठं ए१४ इंजिन बसेल का, आणि इथे सगळे त्यावरच सांगतायत. माझी नजर अडकली ती तुमच्या पोस्टच्या शेवटच्या ओळीवर, जी तुम्ही जाता जाता लिहून टाकलीय: "आणि हो, आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या (इंजिनाच्या मुख्य ठोकळ्यावरच्या) नंबराशी एका आकड्याने जुळत नाही, पण ते नंतर बघू." साहेब, नंतर नाही. आधी तेच. बाकीचं इंजिन, पिस्टन, रिंगा, सगळं नंतर.

उशिरा वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: प्रश्न विचारणाऱ्यांकडे वडिलांची १९८९ ची प्रीमियर ११८ एनई आहे. इंजिन ऑइल खातं, मागे निळा धूर आहे, तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) पडलंय. मेकॅनिक म्हणतो गाडीतल्या ए१२ इंजिनाचे पार्ट मिळत नाहीत, मुंबईत एकाकडे ए१४ आहे, "तेच इंजिन, फक्त मोठं", ते टाकू. शिवाय पुनर्नोंदणीची तारीख जवळ आलीय.

मी मेकॅनिक नाही आणि वकील तर अजिबात नाही. आमच्या घरातही एक ११८ एनई नवी आल्यापासून आहे, तेवढाच माझा अधिकार. नियम आणि फी बदलत असतात, तेव्हा माझ्यावर विसंबून पैसे भरू नका, ताजं बघून घ्या.

आधी ए१४ चं उरकतो. "तेच इंजिन, फक्त मोठं" हे अर्धं खरं आहे, आणि खिशाला अर्धं खरंच महाग पडतं. घराणं एकच. १९६६ साली पहिल्या डॅटसन सनीबरोबर (डॅटसन म्हणजे निसानचंच नाव) ए१० आलं: ७३ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ५९ स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), ९८८ सीसी, क्रँकच्या दांड्याला आधार देणारी तीनच मेन बेअरिंग. १९७० च्या सनीला, म्हणजे बाहेरच्या बाजारातल्या डॅटसन १२०० ला, बोअर तोच ठेवून स्ट्रोक ७० केला, ११७१ सीसी झाले आणि मेन बेअरिंग पाच झाली. हे तुमचं ए१२. प्रीमियरने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या सांगाड्यात बसवलं ते हेच. आपल्याकडे गाडी नवी म्हणून आली तेव्हा इंजिन पंधरा वर्षांचं मुरलेलं होतं, आणि माझ्या मते हीच त्या गाडीतली सर्वांत चांगली गोष्ट होती. (पत्र्याबद्दल मी काही बोलत नाही. कोकणात गाडी असेल तर तुम्हीही बोलू नका.)

पुढे स्ट्रोक ७७ पर्यंत नेला आणि तिथे खरी फारकत झाली. ७३ बोअरचं ए१३, १२८८ सीसी, फार टिकलं नाही. ७६ बोअरचं ए१४, १३९७ सीसी, ते मात्र जगभर चाललं. दक्षिण आफ्रिकेत निसान १४०० नावाचा छोटा पिकअप २००८ पर्यंत त्यावर निघत होता. आणखी वर ए१५, ७६ बाय ८२, १४८८ सीसी. एवढा स्ट्रोक सामावायला ब्लॉक उंच करावा लागला. म्हणजे ए१३, ए१४, ए१५ हे उंच ब्लॉकवाले आणि ए१२ हा बुटका. पुशरॉड (व्हॉल्व्हपर्यंत धक्का नेणाऱ्या सळया) वेगळे, पुढचं टायमिंग कव्हर वेगळं, आणि हेड (ब्लॉकवरचं झाकण) वर सरकल्यामुळे त्याला टांगलेलं मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर, सायलेन्सरचा पाइप सगळंच वर सरकतं. बसत नाही असं नाही. बसवणारे बसवतात. पण "एका दिवसात बसवून देतो" म्हणणाऱ्याला हे माहीत आहे का, ते विचारा. मधे ए१२ए नावाचं एक पिल्लू आहे, ७५ बोअर, १२३७ सीसी. ब्लॉक बुटकाच. नावावर जाऊन त्याचे पिस्टन आपल्याला घेऊ नका.

हेड आणि ब्लॉकमधल्या गॅसकेटचं तर लिहूनच ठेवा. ए१२ चं गॅसकेट ए१४ वर टाकलं तर त्याची कडा चारी बाजूंनी सिलिंडरच्या आत येते, तापून लाल होते आणि जळते. उलटं केलं, ए१४ चं ए१२ वर, तर गाडी चालते, म्हणूनच कळत नाही, पण कॉम्प्रेशन उतरतं आणि माणूस बिचारा रिंगांना दोष देत बसतो. दुकानदार दोन्ही पाकिटांवर "११८" लिहून विकतो. व्हर्नियर कॅलिपर ठेवा बरोबर, गॅसकेटचं भोक मोजा, मग पैसे द्या. अस्सल निसानचं पाकीट असेल तर पार्ट नंबरात डॅशनंतर इंग्रजी एच हे अक्षर दिसतं, या घराण्याची ती खूण आहे.

तुमचा मेकॅनिक "हे मुळात ऑस्टिनचं इंजिन" म्हणाला ना? हे मी पुण्याच्या नाना पेठेपासून कोल्हापूरपर्यंत सगळीकडे ऐकलंय. ते अगदीच चूक म्हणता येत नाही. निसानने १९५२ मध्ये ऑस्टिनशी करार करून त्यांच्या गाड्या जपानात बांधल्या. मग डोनाल्ड स्टोन नावाच्या अमेरिकन इंजिनियरच्या सल्ल्याने ऑस्टिनच्याच दीड लिटर इंजिनाचा स्ट्रोक कापून ९८८ सीसीचं सी इंजिन काढलं, तेही ७३ बाय ५९. म्हणजे ए१० शी आकडे तंतोतंत जुळतात आणि घोटाळा तिथेच होतो. पण ए१० हे नव्याने आखलेलं इंजिन आहे: ॲल्युमिनियमचं हेड, वर सरकवलेला कॅमशाफ्ट, त्यामुळे आखूड पुशरॉड. याच आखणीच्या जोरावर रेसवाल्यांनी जपानातल्या फुजीच्या ट्रॅकवर सनीची ही इंजिनं दहा हजार आरपीएमच्या वर फिरवली, अगदी १९८२ पर्यंत. पुशरॉडचं इंजिन! असो. ऑस्टिनचे पार्ट लागत नाहीत, एवढं तुमच्या मेकॅनिकला सांगा.

आता मूळ दुखणं.

आमच्या गाडीचं इंजिन कधीच बदललेलं नाही. कारखान्यातून आलं तेच आहे. जुन्या आरसी बुकात शाईने लिहिलेला नंबर होता, पुढे ए१२ आणि मग आकडे. आरटीओ कार्यालयातल्या नोंदी संगणकावर चढवल्या तेव्हा कुणीतरी पुढचं ए१२ गाळलं आणि मधल्या सहाचा आठ केला. स्मार्ट कार्ड आलं त्यावर तेच. कोण बघतो? पीयूसीवाला बघत नाही, पोलीस बघत नाही, विमावाला कार्डावरून उतरवून घेतो. बघतो तो पुनर्नोंदणीचा इन्स्पेक्टर. बॉनेट उघडलं, टॉर्च मारला, कार्ड बघितलं, आणि म्हणाला, "इंजिन बदललंय तुम्ही."

त्या क्षणापासून सिद्ध करायचं काम आमचं. नाव कुठल्या कार्यालयाचं ते मी लिहिणार नाही, कारण मला वाटतं कुठेही हेच झालं असतं. मागणी काय, तर नव्या इंजिनाच्या खरेदीची पावती आणा, ज्या गाडीतून काढलं तिची ना-हरकत आणा. अहो, काढलंच नाही कुठून तर ना-हरकत कुणाची? मग म्हणाले, कंपनीचं पत्र आणा. कंपनीने ही गाडी बनवणं बंद करून किती वर्षं झाली हे सांगितल्यावर, "मग डीलरचं आणा." डीलरच्या जागी आता कपड्यांचं दुकान आहे. नोंद दुरुस्तीचा अर्ज घेऊन बॅकलॉगच्या (जुन्या नोंदींच्या) खिडकीवर गेलो तर ते म्हणाले इन्स्पेक्टरचा शेरा काढून आणा. इन्स्पेक्टर म्हणाले नोंद दुरुस्त झाल्याशिवाय शेरा निघत नाही.

बाहेरच्या एजंटने तोडगा दिला, आणि तो तुम्हालाही कुणीतरी देईलच: "इंजिन बदललं असं दाखवून टाका, पावती मी देतो." हे करू नका. एक तर ती खोटी पावती आहे आणि सही तुमची असणार. दुसरं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय इंजिन बदललं असेल तर ते १४ दिवसांत कळवायचं असतं, म्हणजे तुम्ही आपल्या हाताने दंडाला पात्र होता. आणि तिसरं, गाडी कायमची "इंजिन बदललेली" होते. ५० वर्षं पूर्ण झालेल्या आणि फारसा बदल न केलेल्या गाड्यांना व्हिंटेजची वेगळी नोंदणी मिळते, हा नियम २०२१ मध्ये आलाय. पहिल्या ११८ एनई २०३५ मध्ये तिथे पोहोचतील. तुमची त्यानंतर चार वर्षांनी.

शेवटी सुटलं ते माहितीच्या अधिकारात. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला, त्यात एकच गोष्ट मागितली: या क्रमांकाच्या वाहनाच्या मूळ नोंदणी रजिस्टरातील पानाची प्रमाणित प्रत. मत विचारलं नाही, का-कसं विचारलं नाही, तक्रार केली नाही. पान आलं. त्यावर स्वच्छ अक्षरात ए१२ आणि सहाचा सहा. ते पान, जुन्या बुकाची झेरॉक्स, पहिल्या विम्याची पॉलिसी आणि नंबराचा पेन्सिल प्रिंट (वर कागद धरून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) जोडून नोंद दुरुस्तीचा अर्ज दिला, पोच घेतली. मग त्यांच्याच पानापुढे त्यांना बोलायला जागा उरली नाही. पण "आमच्याकडून चूक झाली" हे शब्द कुणाच्याही तोंडून निघाले नाहीत हेही सांगतो.

पैसे कशात गेले म्हणाल तर फीमध्ये नाही. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या कारच्या पुनर्नोंदणीची फी ६०० वरून ५००० झाली होती, उशिराला महिन्याला ५०० वेगळे, तेव्हा ते भरले. खरा फटका गाडी उभी राहिल्याचा. लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड, आत कूलंट नाही, नळाचं पाणी. इतकी वर्षं रोज चालत होती तोवर काही नाही. उभी राहिली आणि हेडच्या पाण्याच्या भोकांच्या कडा पांढऱ्या भुकटीसारख्या झाल्या, नखाने निघत होत्या. हेड वेल्डिंग करून फेसिंग करावं (पृष्ठभाग पुन्हा सपाट करावा) लागलं. टाकीत पेट्रोलचा डिंक, ब्रेकचे सिलिंडर जाम. चालत्या इंजिनाने जे केलं नाही ते एका टायपिंगने केलं.

तर तुम्ही काय करा. आज बॉनेट उघडा. नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला ठोकलेला आहे, वर ऑइल आणि मातीचा थर असेल. रॉकेल आणि जुना टूथब्रश, बस. वायर ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडर यातलं काहीही लावू नका, ओरखडे दिसले की "नंबर घासलाय" हा नवा खेळ सुरू होईल. कोरडं झाल्यावर पांढरा खडू घासून बोटाने पुसा, खडू आकड्यांच्या खाचेत राहतो आणि सहा-आठ-तीन वेगळे दिसतात. बाजूने उजेड टाकून फोटो काढा, मग कागद धरून पेन्सिल प्रिंट घ्या, एकापेक्षा जास्त घ्या. हे सगळं ब्लॉक लेथवाल्याकडे जाण्याआधी, कारण गाडीत बसलेल्या इंजिनाचा फोटो आणि टेबलावरच्या ब्लॉकचा फोटो यात कागदोपत्री फार फरक आहे. माहिती अधिकाराचा अर्ज लगेच टाका, उत्तराला तीस दिवसांची मुदत असते.

आणि ही नोंद दुरुस्त होईपर्यंत ए१४ चं नाव काढू नका. नंबर ब्लॉकवर असतो, त्यामुळे ब्लॉक बदलला की इंजिन बदललं, मग वरचं सगळं जुनंच का असेना. आज नंबर जुळत नाही ती चूक त्यांची आहे. ए१४ टाकल्यावर ती तुमची होईल, शिवाय आरसीवर ११७१ आणि बॉनेटखाली १३९७. थर्ड पार्टी विम्याचा टप्पा दोन्हींना एकच, १००० ते १५०० सीसी, म्हणून हप्ता वाढत नाही. पण अपघात झाला तर कंपनीचा माणूस सीसी नाही, नंबर बघायला येतो.

तसंही तुमचं इंजिन मेलंय असं मला पोस्टवरून वाटत नाही. एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलंय. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंगा, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट, आणि व्हॉल्व्हसाठी कुणी इंजिन बदलत नाही. ओव्हरसाइज पिस्टन शोधले तर सापडतात, आणि चांगला लेथवाला स्लीव्ह (सिलिंडरच्या आत नवं नळकांडं) टाकून बोअर पुन्हा ७३ वर आणून देतो. पार्ट मिळत नाहीत म्हणणाऱ्या मेकॅनिकला बरेचदा शोधायचा कंटाळा असतो. (तुमचा तसा नसेलही.)

त्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) तपासले का? गरम इंजिनवर ०.३५ मिमी, थंडवर ०.२५, इनटेक-एक्झॉस्ट दोन्हींना सारखंच. पद्मिनीच्या मापाने टाइट करून ठेवलेल्या ११८ मी पाहिल्यात, त्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि हळूहळू जळतो. तिसऱ्याचं काय निघतं ते इथेच लिहा. नंबराचा फोटो मात्र इथे टाकू नका.