गोल टाकीची क्षमता काढताना
सिमेंटच्या गोल टाकीत किती पाणी मावते हे काढताना आपण माप बाहेरून घेतो, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. बाहेरून टेप गुंडाळल्यावर परीघ 377 सेंटीमीटर भरला, तर त्याला 3.1416 ने भागून व्यास 120 सेंटीमीटर येतो. मात्र भिंत 5 सेंटीमीटर जाड असल्यास दोन्ही बाजूंची जाडी वजा करून आतला व्यास 110 आणि त्रिज्या 55 सेंटीमीटरच धरावी लागते. त्रिज्येचा वर्ग 3025, त्याला 3.1416 ने आणि पाण्याच्या 120 सेंटीमीटर उंचीने गुणून 1000 ने भागले की सुमारे 1140 लिटर हे उत्तर मिळते. बाहेरचा व्यास धरला असता, तर हेच उत्तर 1357 लिटर आले असते. (त्रिज्येऐवजी व्यासाचाच वर्ग करणे ही नवशिक्यांची दुसरी ठरलेली चूक, उत्तर थेट चौपट येते.) उंची काठापर्यंत न मोजता ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या खालच्या कडेपर्यंतच मोजावी, मी त्यासाठी टाकी तिथपर्यंत भरल्यावर कोरडी काठी तळाला टेकवून ओल्या खुणेपर्यंत टेप लावतो. नळाचे तोंड तळापासून 5 सेंटीमीटर वर असेल, तर खालचे साधारण साडेसत्तेचाळीस लिटर पाणी आपल्या वापरात येत नाही, हेही हिशेबात धरावे.